वेशीवरचा प्रश्न

"पाव्हणं कुण्या गावचं?" हा प्रश्न आमच्या मुरुडात आजही दिवसातून दहा वेळा कानी पडतो. बार्शी-लातूर रस्त्यावरचे हे गाव. एस. टी.तून नवा माणूस उतरला, पानाच्या ठेल्यापाशी घटकाभर उभा राहिला, की कोणीतरी हे विचारणारच. या प्रश्नात निम्मे अगत्य असते आणि निम्मी चौकशी. उत्तर पटले तर चहा येतो. न पटले तर चार डोळे पाव्हण्याच्या पाठीमागून चालू लागतात.

हाच प्रश्न अंगावर खाकी चढवून, रात्री अकराच्या सुमारास, "कोण रे तू? कागद दाखव," अशा सुरात आला म्हणजे मात्र भल्या माणसाचीही जीभ अडखळते. असे विचारण्याचा शिपायाला हक्क आहे काय? उत्तर देण्याचे आपल्यावर बंधन आहे काय? वकिलांकडे गेलात तर ते कलमे काढून दाखवतील. मी पडलो इतिहासाचा विद्यार्थी. कलमे मीही सांगणार आहे, पण शेवटी. ती कलमे कोणाकोणाच्या पाठीवर उमटत आपल्यापर्यंत आली, ते आधी पाहू.

जुन्या गावाला गावकूस असे, गावकुसाला वेस असे आणि वेशीत येसकर असे. हे काम महार वतनदाराचे. गावात शिरणारा नवा माणूस कोण, कोणाकडे आला, मुक्काम कुठे करणार, हे त्याने विचारायचे आणि पाटलाच्या कानी घालायचे. रात्रीचा पहारा जागल्याचा. तो कुठे रामोशी, कुठे मांग, कुठे भिल्ल. चोरी झाली की जागल्या चोराचा माग काढी. तो माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवला की जबाबदारी त्या गावावर पडे. आपल्याच शिवारात माग हरवला तर भरपाईचे गाठोडे आपल्या डोक्यावर. तेव्हा परक्याची विचारपूस म्हणजे नसता उपद्व्याप नव्हता. त्यात गावाच्या पोटापाण्याचा प्रश्न गुंतलेला होता.

या व्यवस्थेतल्या दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही, की विचारणारा कोण हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक असे. दुसरी अशी, की उत्तर कागदाने द्यायचे नसे, माणसाने द्यायचे असे. 'मी अमक्याचा जावई', 'तमक्या सावकाराकडे कापूस घेऊन आलो', एवढे म्हटले की तो जावई नि तो सावकार साक्षीला उभा राही. आपल्या भाषेत 'ओळख' म्हणजे आधी दोन माणसांतले नाते. तिच्यापुढे 'पत्र' लागले ते पुष्कळ उशिरा. मात्र या जुन्या चित्राला फार गोंजारण्याचेही कारण नाही. ज्या येसकराने सगळ्या गावासाठी परक्याला अडवायचे, त्याचे स्वतःचे घर वेशीबाहेरच असे. गावाला तो रोज ओळखीचा होता, पण गाव त्याला आपला म्हणत नव्हता. प्रश्न कोणाला विचारायचा आणि कोणाचे उत्तर खरे मानायचे, हे जातीने आधीच ठरवून ठेवले होते. पुढच्या साऱ्या कथेचे बीज इथेच आहे.

खेड्यातून शहरात येऊ. उत्तर पेशवाईतले पुणे. नाना फडणिसांच्या अमदानीत शहराची कोतवाली घाशीरामाकडे होती. हा मूळचा उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण, आपल्या औरंगाबादेहून पुण्यास गेलेला. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर हिंडायचे नाही, सापडेल त्याला उजाडेपर्यंत चौकीत बसवायचे, असा त्या काळी शहराचा शिरस्ता होता. चोऱ्यामाऱ्यांना त्याने आळा बसला असे म्हणणारे तेव्हाही होते. पण १७९१ च्या ऑगस्टात काय झाले ते पाहा. श्रावणातल्या दक्षिणेसाठी आलेले तेलंगी ब्राह्मण परतीच्या वाटेवर घाशीरामाच्या बागेपाशी उतरले. बागेतल्या जिनसांना हात लावल्यावरून रखवालदारांशी तंटा झाला, आणि कोतवालाच्या माणसांनी सगळ्यांना धरून एका कोंदट जागी डांबले. हे ब्राह्मण नव्हेत, चोर आहेत, असे वर कळवण्यात आले. मानाजी फाकड्याने कुलूप तोडवले तेव्हा आत प्रेते निघाली. मेलेल्यांची संख्या एकवीस झाली. शहर खवळले, आणि त्याच घाशीरामाची धिंड काढून लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले.

या प्रकरणावर कादंबरी झाली, नाटक झाले, वादही झाले. आपल्याला त्यातली एकच गोष्ट उचलायची आहे. त्या माणसांनी आपण कोण ते सांगितले नसेल काय? पण तेलंगणातून आलेल्यांची पुण्यात ओळख पटवणार कोण? प्रश्न विचारला गेला, पण उत्तर ऐकून घेण्याची गरज कोणाला वाटली नाही. आणि नंतर जमावाने जो न्याय केला त्यातही ऐकून घेणे नव्हतेच. कोठडीतली घुसमट आणि रस्त्यावरची दगडफेक, दोन्ही एकाच मुळाची फळे.

इंग्रज आला तो कागद घेऊन. ठग आणि दरोडेखोर यांच्या बंदोबस्तासाठी त्याने वेगळे खातेच उघडले. १९०४ साली त्या खात्यातून मध्यवर्ती गुप्तचर खाते निघाले. पण खरी मोठी उडी १८७१ ची. त्या साली 'गुन्हेगार जमातीं'चा कायदा झाला. प्रथम तो उत्तरेकडे लागू होता. १९११ च्या नव्या कायद्याने मुंबई इलाख्यालाही त्याची कक्षा खुली झाली. या कायद्याची करामत अशी, की माणसाने काय केले हे विचारायचेच नाही. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढे पाहायचे. एकदा जमातीचे नाव सरकारी राजपत्रात चढले, की तिच्यातल्या माणसांची नोंद, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, आणि हद्दीबाहेर जायचे तर पास. पास नसताना सापडला तर शिपायानेच काय, गावच्या पाटलाने नि चौकीदारानेही त्याला वॉरंटावाचून धरावे. संशयास्पद स्थितीत सापडला आणि तो चोरीच्या बेतात होता अशी कोर्टाची खात्री पटली, तर तीन वर्षांपर्यंत कैद. सोलापुरास तर या लोकांसाठी तारेच्या कुंपणाची वसाहतच उभी राहिली. तिला लोक 'सेटलमेंट' म्हणत, आणि तो शब्द सोलापूरकरांच्या तोंडी अजून आहे.

मौज अशी, की जागल्या म्हणून ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गाव राखले, त्यांच्यातलेही कित्येक आता संशयितांच्या यादीत जाऊन बसले. राखणदाराचाच चोर झाला, आणि त्याला माग काढायला शिकवणारे गाव त्याचाच माग काढू लागले. पारधी, कैकाडी, भामटा, टकारी ही नावे पोलिसी दप्तरात जातीची राहिली नाहीत, गुन्ह्याची झाली. लातूरजवळच्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी 'उचल्या' या आत्मकथनात हे जिणे आतून सांगितले. त्या पुस्तकाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धनेगाव आमच्या मुरुडाहून काही फार लांब नाही. पण पुस्तक वाचल्यावर आमच्यापैकी पुष्कळांना वाटले, की हे दुसऱ्याच मुलखातले असावे. वेशीच्या आतून बाहेरचे दिसत नाही म्हणतात ते खोटे नाही.

बोटांच्या ठशांची विद्याही याच मातीतली. १८५८ साली बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर हाताचा पंजा उमटवून घेतला. १८९७ साली कलकत्त्यास ठशांची कचेरी निघाली. एडवर्ड हेन्रीच्या नावाने जगभर गेलेल्या तिथल्या वर्गीकरणामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी फौजदारांची बुद्धी होती. १९०० साली हेन्रीसाहेब जोहान्सबर्गचे पोलिस खाते लावून द्यायला दक्षिण आफ्रिकेस गेले, आणि ही विद्याही त्यांच्याबरोबर गेली. पुढे ट्रान्सवाल सरकारने तिथल्या हिंदी माणसांवर नोंदणीची सक्ती केली. ठसे द्यायचे, दाखला घ्यायचा आणि रस्त्यात पोलिसाने मागितला की तो दाखवायचा. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीपाशी दोन हजारांवर दाखल्यांची होळी झाली. पुढारी होते बॅरिस्टर गांधी. सत्याग्रहाचा जन्म मिठातून झाला असे आपली मुले समजतात. तो झाला रस्त्यात अडवून विचारलेल्या या प्रश्नातून.

आता पुन्हा मुरुडाकडे येतो. हा मुलूख निजामाचा, आणि पलीकडची बार्शी इंग्रजांची. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ साली लातुरास पोचली. इंग्रजी हद्दीतून निजामी हद्दीत शिरणारी ही गाडी आमच्या मुरुडावरून जाई. हद्द ओलांडणाऱ्याकडे संशयाने पाहणे दोन्ही सरकारांच्या अंगवळणी पडलेले होते. १९४७-४८ साली मात्र त्या संशयाला धार आली. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातुरातच वकिली करीत असे. हद्दीपलीकडे स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचे तळ पडले होते. अशा दिवसांत रस्त्यावर "कोण तू?" असे कोणी विचारले, तर त्या प्रश्नामागे कायदा नसे, बंदूक असे. नाव, टोपी, बोली यांवरून माणसाचा निकाल लागे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी पोलिस कारवाई सुरू झाली आणि पाचव्या दिवशी निजामाने हात टेकले. आमचा मुक्तिदिन तो हाच. पण इतिहास लिहिणाऱ्याने पुढचे पानही उलटले पाहिजे. कारवाईनंतर तोच प्रश्न उलट दिशेने विचारला गेला, आणि पुष्कळ निरपराध मुसलमान केवळ नावापायी मारले गेले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वांत जास्त झळ पोचलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. लातूर आणि मुरुड तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. या मातीला तरी कोणी सांगायला नको, की ओळख विचारणे कधी कधी जीव विचारण्यासारखे असते.

आता १९५२ हे साल पाहा. दोन देशांत, सहा महिन्यांच्या अंतराने, दोन कागद रद्द झाले. इंग्लंडात महायुद्धापासून प्रत्येकाला ओळखपत्र बाळगण्याची सक्ती होती. युद्ध संपले तरी सक्ती संपेना. डिसेंबर १९५० मध्ये लंडनच्या उत्तर भागात क्लॅरन्स विलकॉक नावाच्या मोटार हाकणाऱ्या गृहस्थाला एका शिपायाने अडवून ते पत्र मागितले. विलकॉकने साफ नकार दिला. खटला वरच्या कोर्टात गेला. कायदा जिवंत होता म्हणून विलकॉक हरला. पण सरन्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड यांनी बजावले, की युद्धासाठी केलेला कायदा शांततेत असा ऊठसूट वापरला तर सज्जन लोकांचे नि पोलिसांचे नाते बिघडेल. फेब्रुवारी १९५२ मध्ये ती ओळखपत्रे गेली. इकडे ३१ ऑगस्ट १९५२ रोजी स्वतंत्र भारताने गुन्हेगार जमातींचा कायदा मोडीत काढला. भटके-विमुक्त तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. तिकडे एका खाऊनपिऊन सुखी मोटारवाल्याचा मान राखला गेला, इकडे लाखो उपाशी माणसांच्या पायातला पास निघाला. दोन्हींचे तत्त्व एकच.

अर्थात कायदा गेला म्हणून सवय जात नाही. १८९८ च्या फौजदारी संहितेत एक कलम होते, १०९ वे. ज्याला उपजीविकेचे उघड साधन नाही, किंवा ज्याला आपली समाधानकारक हकिगत सांगता येत नाही, त्याच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागता येई, आणि त्याला पकडताही येई. समाधान कोणाचे? अर्थातच विचारणाऱ्याचे. डोंबारी, मसणजोगी, पारधी यांनी कितीही खरे सांगितले तरी साहेबाचे समाधान व्हायचे कसे? बेकार असणे आणि बोलता न येणे हे दोन्ही या कलमाने जवळजवळ गुन्हे करून टाकले होते. १९७३ च्या नव्या संहितेने हा भाग गाळला. राहिले ते एवढेच, की दखलपात्र गुन्हा करण्याच्या हेतूने कोणी दडून वावरत असेल तर त्याच्याकडून जामीन मागावा. एका वाक्याची ही काटछाट वर्तमानपत्रांत गाजली नसेल, पण माझ्या मते आपल्या फौजदारी इतिहासातल्या मोठ्या घटनांत ती मोडते. 'तू कोण आहेस' यावरून कायदा 'तू काय करतो आहेस' यावर आला.

अमेरिकेतही हीच वाट पुष्कळ खटल्यांतून तुडवली गेली. एडवर्ड लॉसन या कृष्णवर्णी गृहस्थाला पायी फिरण्याची हौस होती. १९७५ ते १९७७ या काळात कॅलिफोर्नियातल्या पोलिसांनी त्याला सुमारे पंधरा वेळा अडवले वा पकडले. 'खात्रीलायक ओळख' द्या, असे तिथला कायदा म्हणे. १९८३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा मोघम म्हणून रद्द केला, कारण खात्री कशाने पटणार हे सारे शिपायाच्या मर्जीवर सोडलेले होते. २००४ च्या एका खटल्यात मात्र त्याच न्यायालयाने सांगितले, की संशयाला सबळ कारण असेल तर राज्याचा कायदा माणसाला नाव सांगायला भाग पाडू शकतो.

मग आपल्याकडे आज काय आहे? १ जुलै २०२४ पासून फौजदारी संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचा गोषवारा साध्या शब्दांत असा. कोणी फोन केला की अमक्या गल्लीत अनोळखी माणूस फिरतो आहे, तर पोलिसाने यावे, त्या माणसाला नावगाव विचारावे, यात गैर काही नाही. विचारणे हे त्याचे कामच आहे, आणि सरळ माणसाने सरळ उत्तर देण्यात शहाणपणही आहे. पण पायी चालणाऱ्या भारतीय नागरिकाने खिशात ओळखपत्र बाळगलेच पाहिजे, असा सर्वसाधारण कायदा आपल्या देशात नाही. आधार कार्ड जवळ नाही, एवढ्यावरून कोणी गुन्हेगार होत नाही. पोलिसादेखत अदखलपात्र गुन्हा केला, किंवा तसा आरोप आला, आणि तरी नाव-पत्ता सांगितला नाही वा खोटा सांगितला, तर ३९ व्या कलमान्वये खरा पत्ता कळेपर्यंत त्याला अटक करता येते. पत्ता कळला की बंधपत्रावर सोडायचे. चोवीस तासांत न कळला तर दंडाधिकाऱ्यापुढे न्यायचे. मोटार हाकत असाल तर गणवेशातल्या पोलिसाने मागताच परवाना दाखवणे भाग आहे. रात्रीच्या वेळी दुसऱ्याच्या घरात सापडलात आणि तिथे असण्याचे पटेलसे कारण देता आले नाही, तर महाराष्ट्र पोलिस कायद्याचे १२२ वे कलम आहे. गुन्ह्यांना प्रतिबंध करताना पोलिसाने दिलेला कायदेशीर हुकूम मोडल्यास थोडा वेळ अडकवून ठेवण्याची मुभाही नव्या संहितेने १७२ व्या कलमात दिली आहे. तिचा वापर कसा होतो यावर जाणत्यांनी डोळा ठेवला पाहिजे. मात्र अटक केली तर कारण सांगावे लागते आणि चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. हे संविधानाचेच वचन आहे.

या यादीत एक कलम मला सर्वांत प्रिय आहे. १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर त्याचे नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. पुढे ही गोष्ट कायद्यातच आली. आज ती संहितेच्या ३६ व्या कलमात आहे. वेशीतला येसकर कोण हे सगळ्यांना ठाऊक असे, असे मी वर म्हटले. मधल्या काळात विचारणारा अनामिक झाला होता आणि उत्तर देणाऱ्यानेच तेवढे नाव सांगायचे होते. आता छातीवरच्या त्या पट्टीने प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारता येतो. "साहेब, माझे नाव हे. आपले?" यात उद्धटपणा नाही, कायदा आहे.

पण पोलिसाइतकाच, किंबहुना जास्त, विचार आपण आपला करायला हवा. संशयिताची वर्दी देतो कोण? आपणच. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात बाजारासाठी आलेल्या पाच माणसांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. ती माणसे मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजातली. दारोदार भिक्षा मागून पोट भरणारी. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना आपल्या आज्या सूपभर धान्य वाढत आल्या, त्यांना नातवांनी ओळखले नाही. त्या दिवशी पोलिसांनी येऊन नाव विचारण्याइतका अवधी मिळाला असता, तर पाच घरे उभी राहिली असती. परक्याची चौकशी करण्याचा हक्क नेमून दिलेल्या, नाव लावलेल्या, कोर्टाला जाब देणाऱ्या माणसाकडे का असावा, याचे याहून मोठे कारण मला देता येत नाही.

म्हणून दिवाळीच्या दिवसांत घराला कुलूप लावून गावी जाताना शेजाऱ्याला लक्ष ठेवायला जरूर सांगा. गल्लीत खटकणारे काही दिसले तर ११२ क्रमांकावर फोनही करा. मात्र सांगताना तो माणूस काय करतो आहे ते सांगा. कसा दिसतो, कोणत्या जातीचा वाटतो, हे सांगण्याची गरज नाही. कुलूप तोडणे ही वर्दी आहे. फाटके धोतर ही वर्दी नव्हे.

२०१० साली आधारचा पहिला क्रमांक महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. तेव्हापासून आपल्या सगळ्यांच्या बोटांचे ठसे सरकारदरबारी जमा आहेत. एके काळी ज्या गोष्टीसाठी पारध्याला पकडून आणीत, ती आपण रांगेत उभे राहून देऊन आलो. कागदाची ओळख पुरी झाली. माणसाची राहिली आहे. ती कायद्याने मिळत नाही, "पाव्हणं कुण्या गावचं?" असे विचारून उत्तर ऐकून घेतले, आणि ऐकल्यावर बसायला घोंगडे टाकले, तरच मिळते.